कॉपी चालू, कॉम्प्युटर बंद

इंदुरात रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) झाली, पाठोपाठ लग्नं सुरू झाली, आणि या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न एकाच दुखण्याचे निघाले: मोठी फाइल कॉपीला लावली की कॉम्प्युटर हातात राहत नाही. म्हणून या वेळी बाकीचे विषय पुढच्या अंकाला ढकललेत, प्रिंटरवाल्यांनी रागावू नये. एक आधीच सांगतो, आपल्या अंकात सगळं देवनागरीत छापतात, त्यामुळे कमांडची नावं खाली उच्चाराप्रमाणे दिलीयेत, टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच करायची.

प्रश्न: दादा नमस्कार. मी लग्नाचे, कार्यक्रमांचे व्हिडिओ करतो, यंदा गेर पण शूट केली. डेस्कटॉप आहे, आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. सी मध्ये विंडोज आणि डी मध्ये सगळं काम. शूटवरून आलो की ६४ जीबीची दोन कार्डं एकदम लावतो, डी मध्ये कॉपी सुरू करतो आणि तेवढ्यात एडिटिंग उघडून आधीच्या पार्टीचं काम पुढे न्यायला बघतो. तर भिया काय सांगू, माउस फिरतो पण क्लिक केलं की अर्धा मिनिट काहीच नाही, स्क्रीन पांढरी पडते, नॉट रिस्पॉन्डिंग येतं, आणि पार्टी शेजारी खुर्ची टाकून बसलेली. एक दुकानवाला म्हणाला रॅम टाका, दुसरा म्हणाला प्रोसेसर म्हातारा झाला, नवीन मशीन घ्या. कुणाचं ऐकू?
— एक व्हिडिओवाला, राजेंद्रनगर

उत्तर: नवीन मशीनवाल्याचं तर बिलकुल ऐकू नका. पुढच्या वेळी कॉपी लावायच्या आधी टास्क मॅनेजर उघडून ठेवा (आधीच, नंतर तो पण उघडणार नाही), परफॉर्मन्समध्ये जा आणि डिस्कवर क्लिक करा. सीपीयू निवांत बसलेला दिसेल आणि डिस्कचा ॲक्टिव्ह टाइम १०० टक्के. आता लोक हा १०० बघूनच घाबरतात, पण तो आकडा फक्त एवढंच सांगतो की डिस्क रिकामी बसलेली नाही, कामाचा आकडा त्याच्या शेजारी आहे, ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम. एरवी तो १०-२० मिलिसेकंद असतो. तुमच्याकडे तो ५००, १००० असा चढलेला दिसेल. म्हणजे विंडोजनं एक छोटासा तुकडा मागितला तरी तो हातात पडायला सेकंद लागतोय, आणि एक मेनू उघडायला असे कितीतरी तुकडे लागतात, आता तुम्हीच हिशोब करा. माउसचा बाण हलवायला डिस्क लागत नाही म्हणून तो फिरतो, क्लिकनंतर जे उघडायचं ते डिस्कवर असतं म्हणून तिथं गाडी अडते.

असं का होतं ते जरा आतून बघू, कारण ते कळलं की पुढचे सगळे उपाय आपोआप कळतात. साध्या हार्ड डिस्कची थाळी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, सेकंदाला १२०, म्हणजे एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. हवी ती जागा हेडखाली (वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धी फेरी धरा, आणि त्याआधी हेडचा दांडा त्या ट्रॅकवर न्यायला ८-९ मिलिसेकंद, सगळं मिळून १२-१३. म्हणजे विखुरलेले तुकडे मागितले तर ही डिस्क सेकंदाला ७५-८० तुकड्यांच्या वर देऊच शकत नाही, तिथं कंपनी कुठली आणि किंमत किती हे बघायचंच नाही. तीच डिस्क सलग लिहायला लावा, सेकंदाला दीडशे एमबी आरामात लिहील. तुमचं एक कार्ड सलग उतरत असतं तेव्हा ती खूश असते. दुसरं कार्ड लावलं की दांडा दोन जागांमध्ये पळायला लागतो, त्यात एडिटिंग उघडलं की ते क्लिपा वाचणार आणि स्वतःच्या कॅश फाइली (तात्पुरत्या साठ्याच्या) सी वर लिहिणार, शिवाय तुमची रॅम ८ जीबी, ती भरली की विंडोज न मावणारं ठेवायला पेजफाइल काढतं, ती पण त्याच डिस्कवर. चार जण एकाच दांड्याला चार दिशांना ओढतायत.

आणि सी वेगळी, डी वेगळी हे तर मनातून काढूनच टाका. त्या एकाच डिस्कच्या दोन वाटण्या आहेत, सी साधारण बाहेरच्या कडेला आणि डी आतल्या बाजूला, म्हणजे दोन्हीकडे एकदम काम काढलं की दांड्याला उलट जास्तच लांब पळावं लागतं. पार्टिशन केलं की काम वाटलं जातं ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट बसलीये की मी दुकानात लोकांना डिस्क उघडून दाखवतो, तरी पटत नाही.

मुद्दा असा की कॉपीला घाई नसते, घाई तुम्हाला असते. छप्पन दुकानवर पोह्यांच्या काउंटरला पुढचा माणूस ऑफिसची चाळीस पार्सलं बांधून घेतोय आणि तुम्हाला एकच प्लेट हवीय, तर शहाणा दुकानदार मध्येच तुमची प्लेट काढून देतो, पार्सलवाल्याचं दोन मिनिटांनी काही बिघडत नाही. विंडोजला साध्या हार्ड डिस्कवर हे शहाणपण फारसं जमत नाही, ते आपण त्याच्या वतीनं करायचं.

आधी फुकटातलं. एका वेळी एकच कार्ड. पार्टी समोर आली की कॉपीच्या खिडकीत ते दोन उभ्या रेघांचं पॉजचं बटण असतं ना, ते दाबा, विंडोज ८ पासून आहे आणि कोणी वापरत नाही. काम दाखवून झालं की परत चालू करा, कॉपी जिथं थांबली होती तिथूनच पुढे जाते. ज्या फोल्डरात कॉपी चाललीये तो थंबनेलसकट उघडून बघत बसू नका, प्रत्येक क्लिपचं चित्र काढायला विंडोज ती क्लिप उघडतं.

थोडी हिंमत असेल तर कमांड प्रॉम्प्टमधून रोबोकॉपी वापरा, ते विंडोजमध्येच येतं, व्हिस्टापासून. रोबोकॉपी लिहायचं, पुढे कार्डाचा फोल्डर, पुढे डिस्कवरचा फोल्डर, आणि शेवटी स्लॅश ई आणि स्लॅश जे. ई म्हणजे आतले सगळे फोल्डर पण घे, आणि जे म्हणजे विंडोजच्या कॅशमधून न जाता सरळ लिही. हा जे मोठ्या फाइलींसाठीच आहे आणि तुमच्यासारख्याला तो सोन्यासारखा आहे, कारण नाहीतर ६४ जीबीचं ते लोंढं रॅममधल्या कॅशमधून वाहतं आणि एडिटिंगच्या फाइली तिथून बाहेर ढकलतं, ज्या परत डिस्कवरून आणाव्या लागतात. इंटरनेटवर सगळे स्लॅश एमटी टाका म्हणून सांगतात, त्यानं एकाच वेळी अनेक फाइली कॉपी होतात, आकडा दिला नाही तर ८. नेटवर्कवर किंवा एसएसडीवर (थाळी नसलेल्या, चिपवाल्या डिस्कवर) ठीक आहे, तुमच्या डिस्कवर ते म्हणजे दुखणं आठपट. आणि कॉपी मुद्दाम हळू करायची असेल तर स्लॅश आयपीजी आहे, त्यात तुकड्यातुकड्यांमध्ये किती मिलिसेकंद थांबायचं ते देता येतं, पण एमटीबरोबर ते चालत नाही. एक मात्र, स्लॅश एमआयआर कुठं वाचलंत तर समजून-उमजून वापरा, ते मूळ जागी जे नाही ते पोचण्याच्या जागेवरून उडवतं. कार्ड फॉरमॅट केल्यावर चुकून चालवलं तर लग्नच गेलं.

आता पैशातलं. २४०-२५६ जीबीची साधी साटा एसएसडी घ्या, सिल्व्हर मॉलला कुठंही मिळेल, विंडोज आणि एडिटिंग सॉफ्टवेअर तिच्यावर न्या, कॅशचा फोल्डर पण तिच्यावर वळवा, आणि जुनी १ टीबी फक्त फुटेजला ठेवा. मग फुटेजच्या डिस्कवर काहीही गोंधळ चालू असला तरी स्टार्ट मेनू त्याच्या वाटेला जातच नाही. रॅमवाला दुकानदार अगदीच चुकीचा नाही, ८ जीबीत व्हिडिओचं काम म्हणजे ओढाताणच, पण नंबर दुसरा. पहिले एसएसडी. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन प्रायॉरिटी लो करायच्या भानगडीत पडू नका, त्यानं सीपीयूचा नंबर बदलतो, डिस्कचा नाही, आणि तसंही खिडकीतली कॉपी एक्सप्लोररच करत असतो, त्याला लो केलं तर टास्कबारच लो.

प्रश्न: दोन कॉप्या एकदम लावल्या तर एकूण वेळ वाचतो का? आमच्या ऑफिसात यावर पैज लागलीये.
— विजयनगर

उत्तर: एकाच हार्ड डिस्कवर असतील तर नाही, उलट वाढतो. दोन्हीकडच्या डिस्का वेगळ्या असतील तर वाचतो. पैज कुणी कशावर लावली ते कळवलं नाहीत, त्यामुळे समोसे कुणाला ते तुम्हीच ठरवा.

प्रश्न: सप्रेम नमस्कार. मी शिक्षक म्हणून निवृत्त झालो, वय सत्तरीच्या पुढे. नातवानं लिनक्स मिंट बसवून दिलं, मशीन चांगली आहे, १६ जीबी रॅम आणि एसएसडी. आमच्या मंडळाच्या गाण्याच्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग मी पेन ड्राइव्हवर घालून मित्रांना देतो. फाइल टाकली की हिरवी पट्टी सुरुवातीला धावत सुटते, मग थबकते, मग कशीबशी पूर्ण होते, आणि पूर्ण झाली असं सांगूनही पेन ड्राइव्ह काढू देत नाही, थांबा म्हणतं, ते थांबणं पाच पाच मिनिटं. एकदा तसाच काढला तर मित्राकडे फाइल अर्धवट निघाली. आणि त्या सगळ्या वेळात ब्राउझर अडखळतो, टाइप केलेलं उशिरा उमटतं. एसएसडी असूनही असं का? पट्टी खोटं बोलते का?
— लोकमान्यनगर

उत्तर: काका, पट्टी खोटं बोलत नाही पण अर्धंच सांगते. ती सांगते की फाइल रॅममध्ये पोचली. पेन ड्राइव्हवर पोचली असं ती म्हणतच नाही.

लिनक्स लिहिण्याचं काम आधी मेमरीत जमा करतं आणि मागाहून सावकाश डिस्कवर उतरवतं. अशा न उतरलेल्या मजकुराला कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, डर्टी म्हणतात, आणि तो किती साठू द्यायचा याचे दोन आकडे असतात: मोकळ्या मेमरीच्या १० टक्के झाला की मागच्या मागे उतरवायला लाग, आणि २० टक्के झाला की लिहिणाऱ्यालाच अडव. तुमच्याकडे समजा १२ जीबी मोकळी आहे, तर २० टक्के म्हणजे २.४ जीबी. स्वस्तातला पेन ड्राइव्ह लिहायला सेकंदाला ८ एमबी देतो, कधी तेवढंही नाही. २.४ जीबी भागिले ८ एमबी, ३०० सेकंद. ती तुमची पाच मिनिटं. हिशोब ढोबळ आहे, कर्नल प्रत्येक ड्राइव्हचा वेग बघून वाटणी बदलतं, पण रोग हाच. आणि मर्यादा भरत आली की ब्राउझरसारखे दुसरे लिहिणारे पण त्या अडवणुकीत सापडतात, त्यांची फाइल एसएसडीवरची असली तरी. ब्राउझर सारखा काहीतरी लिहीतच असतो, हिस्टरी, कॅश, उघड्या टॅबची नोंद, म्हणून सगळ्यात आधी तोच अडखळतो.

हे काही नवीन नाही. २०१३ मध्ये कर्नल बनवणाऱ्यांच्यात यावर चांगलीच चर्चा झाली होती आणि खुद्द लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्डस यांचं म्हणणं असं होतं की ही टक्केवारी मशीनमध्ये ८ ते ६४ एमबी मेमरी असायची त्या काळातली आहे. ६४ एमबीचे २० टक्के म्हणजे तेराएक एमबी, ते कुणाला कळतही नव्हतं. १६ जीबीला तोच टक्का लावला की तुमची पाच मिनिटं होतात. कर्नलमध्ये त्यानंतर सुधारणा झाल्या, ४.१० आवृत्तीमध्ये मागून उतरवण्याच्या कामाला लगाम घालायची सोय आली, त्यानं डिस्कवरचा दाब कमी झाला, पण टक्क्यांचे ते दोन आकडे बऱ्याच ठिकाणी अजून तसेच आहेत.

उपाय सोपा आहे, नातवाला हा परिच्छेद दाखवा. टक्क्यांऐवजी सरळ बाइटमध्ये मर्यादा देता येते. ईटीसी फोल्डरात सिसकंट्रोल डॉट डी नावाचा फोल्डर असतो, त्यात एक फाइल करायची, नाव काहीही पण शेवट डॉट कॉन्फ असा, आणि त्यात दोन ओळी: व्हीएम डॉट डर्टी अंडरस्कोर बॅकग्राउंड अंडरस्कोर बाइट्स बरोबर ६७१०८८६४, आणि व्हीएम डॉट डर्टी अंडरस्कोर बाइट्स बरोबर २६८४३५४५६. पहिलं ६४ एमबी, दुसरं २५६ एमबी. मशीन रीस्टार्ट करा. आता पट्टी पहिल्यापासून हळू चालेल, पण खरी चालेल, आणि शेवटचं थांबणं जास्तीत जास्त अर्ध्या मिनिटाचं. पहिल्या दिवशी वाटेल की पेन ड्राइव्ह बिघडला, कारण ती धावती पट्टी दिसणार नाही, घाबरू नका. मोठ्या सर्व्हरवर हे आकडे लहान करणं सोयीचं नसतं, घरच्या मशीनवर मी डोळे झाकून करतो.

नातू कदाचित म्हणेल की आयओनाइस ही कमांड लावा, त्यानं कॉपीचा नंबर मागे जातो. जातो, पण दोन अटींवर. डिस्कला बीएफक्यू नावाचा शेड्युलर (डिस्कच्या कामांचे नंबर लावणारा) लावलेला हवा, जो ४.१२ पासून कर्नलमध्ये आहे, बाकीचे शेड्युलर त्याचं फारसं ऐकत नाहीत. आणि पेन ड्राइव्हवर लिहायचं प्रत्यक्ष काम तुमची कॉपी करतच नाही, कर्नलचे स्वतःचे कामकरी मागाहून करतात, त्यांना तुमच्या आयओनाइसचं काय. म्हणून तुमच्या दुखण्यावर त्याचा उपयोग थोडा. आरसिंक हे कॉपीचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातलं बीडब्ल्यूलिमिट जास्त भरवशाचं, सेकंदाला इतकेच एमबी म्हणून सांगता येतं, ड्राइव्हच्या वेगापेक्षा थोडं कमी द्या की काही साठतच नाही. ड्राइव्ह मात्र इजेक्ट केल्याशिवाय काढायचा नाही, हे मित्रांना पण सांगा. आणि एखादं रेकॉर्डिंग ४ जीबीच्या वर गेलं आणि पेन ड्राइव्हनं घ्यायला नकार दिला तर तो फॅट-३२ आहे, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या.

प्रश्न: भैया, मी इंजिनिअरिंगला आहे. ऑफर लागली होती म्हणून १ टीबीची एनव्हीएमई (बोर्डावर बसणारी, वेगवान) एसएसडी घेतली. गेम्सचा फोल्डर टाकला, १५० जीबी, सुरुवातीला १.५ जीबी पर सेकंद, एकदम भारी, आणि मग धाडकन ८० एमबीवर. म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा पण कमी! आणि तेव्हा पूर्ण पीसी लॅग. डुप्लिकेट माल आहे का? परत करू का?
— भंवरकुआं

उत्तर: डुप्लिकेट असेलच असं नाही, स्वस्त एसएसडी असंच वागते आणि डब्यावर हे लिहिलेलं नसतं. स्वस्तातल्या बऱ्याचशा एसएसडीत एका सेलमध्ये (चिपमधल्या साठवणीच्या खणात) ४ बिट कोंबलेले असतात, त्याला क्यूएलसी म्हणतात, आणि ४ बिट नीट लिहायला वेळ लागतो. म्हणून एसएसडीतला कंट्रोलर काय करतो, मोकळे सेल काही वेळ १ बिटवाले म्हणून वापरतो, त्यात भराभर लिहितो आणि मग फुरसतीत ते आवरून ४-४ बिट करून ठेवतो. जोवर ती उधारीची जागा आहे तोवर दीड जीबी, संपली की सेलचा खरा वेग, आणि तेव्हा तो लिहितोय पण आणि मागचं आवरतोय पण, म्हणून विंडोज त्याच ड्राइव्हवर असेल तर लॅग. ड्राइव्ह जितका भरलेला तितकी ही उधारीची जागा कमी, ९० टक्के भरलात तर थोड्याच जीबीत वेग पडेल. २०-२५ टक्के मोकळा ठेवा. १५० जीबी एकदम टाकायच्या ऐवजी ४०-४० टाका आणि मध्ये दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. रोजचं काम, गेम चालवणं, यात मुख्यतः वाचणं असतं, तिथं ती चांगलीच आहे, त्यामुळे त्या कारणासाठी परत करायची गरज नाही.

अस्सल-नकलीची शंका असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, ते पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं, लिनक्सवर एफथ्री. आणि हे उन्हाळ्याचे दिवस आहेत, एनव्हीएमई तापली की स्वतःच वेग कमी करते, साधारण ७०-८० डिग्रीच्या आसपास. बोर्डाबरोबर ती पातळ पत्र्याची पट्टी आली असेल तर ती लावा, खालचं प्लास्टिक काढून लावा, लोक ते तसंच ठेवतात.

प्रश्न: दादा, आमच्या महिला मंडळाच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ मी गूगल ड्राइव्हवर चढवते, म्हणजे सगळ्यांना लिंक देता येते. या वेळी २० जीबी होते. अपलोड लावलं की घरातलं नेटच मेल्यासारखं होतं, हो, सगळ्यांचंच, यांची मीटिंग अडकते, मुलाचा पुण्याहून व्हिडिओ कॉल येतो तो चित्रासारखा थिजतो. नेटवाला येऊन स्पीड टेस्ट करून दाखवतो, डाउनलोड १०० येतो, म्हणतो आमच्याकडून सगळं ओके. मग आता मी काय रात्री दोनला उठून अपलोड करू का?
— स्नेहलतागंज

उत्तर: उठू नका ताई. नेटवाल्यानं डाउनलोड दाखवला, अडचण अपलोडची आहे, तीच त्यानं दाखवली नाही. समजा तुमचा अपलोड २० एमबीपीएस आहे. ड्राइव्हचं सॉफ्टवेअर त्याला मिळेल तेवढा सगळा घेतं आणि त्याच्या वर जे येतं ते राउटरच्या पोटात रांगेत साठतं. ही रांग राउटरात मोठी ठेवलेली असते, डेटा फेकायला लागू नये म्हणून, पण त्यामुळे तुमच्या मुलाच्या कॉलचं एक चिमुकलं पॅकेट पण त्याच रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहतं. साधं पान उघडायचं तरी त्याची मागणी आधी वर जावी लागते, खाली येणाऱ्या डेटाची पोच पण वरच जाते, म्हणून अपलोड भरला की डाउनलोड पण मेलेला दिसतो. या प्रकाराला जिम गेटिस नावाच्या इंजिनिअरनं बफरब्लोट नाव दिलं आणि २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाची त्यावरची पद्धत मांडली, ती आता बऱ्याच चांगल्या राउटरांत असते. आपल्याकडे नेटबरोबर जो डबा फुकट मिळतो त्यात बहुधा नसते.

तुम्ही एवढंच करा. कॉम्प्युटरवरच्या गूगल ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये बँडविड्थ म्हणून आहे, त्यात अपलोडला मर्यादा घालता येते, वनड्राइव्ह आणि ड्रॉपबॉक्सलाही आहे. ब्राउझरमधून चढवत असाल तर ही सोय नाही, म्हणून ते सॉफ्टवेअर घाला. स्पीड टेस्टमध्ये अपलोडचा जो आकडा येईल त्याच्या ८० टक्के धरा. २० आला तर १६ एमबीपीएस, आणि तिथं आकडा किलोबाइटमध्ये मागतात म्हणून २००० लिहा. आता वेळ बघा: पूर्ण वेगानं २० जीबीला सव्वादोन तास लागले असते, आता पावणेतीन. अर्ध्या तासाच्या बदल्यात यांची मीटिंग आणि मुलाचा कॉल दोन्ही शाबूत, मला तरी सौदा स्वस्त वाटतो. खात्री करायची असेल तर अपलोड चालू असताना आणि बंद असताना पिंग करून बघा, बंद असताना १०-२० मिलिसेकंद येत असेल आणि चालू असताना ५०० च्या वर, तर नेटवाल्याला तेच दाखवा, तोही गप्प बसेल.

प्रश्न: माझ्याकडे अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचे (चित्ररथांचे) फोटो आहेत, मिलच्या झांक्या निघायच्या तेव्हापासूनचे, निगेटिव्हवरून स्कॅन करून जुन्या हार्ड डिस्कवर ठेवलेले. आता नवीन डिस्कवर घेतोय तर काही फोल्डरपर्यंत व्यवस्थित आणि मग कॉपीचा वेग शून्य, पूर्ण कॉम्प्युटर गोठतो, कधी डिस्कमधून टक टक आवाज येतो. बंद करून परत लावलं की पुन्हा तिथंच. रात्रभर चालू ठेवून बघू का?
— मल्हारगंज

उत्तर: नाही! आधी थांबवा. वरच्या सगळ्या पत्रांत मशीन गोठत होतं ते कामाच्या गर्दीनं, तुमच्याकडे डिस्क मरायला टेकलीये. एखादा सेक्टर (डिस्कवरचा छोटा तुकडा) वाचता येत नसेल तर डिस्क स्वतःच तो परत परत वाचून बघते, तेवढा वेळ बाकी कुणालाही उत्तर देत नाही, लिनक्स अशा वेळी ३० सेकंद वाट बघून मग डिस्कला रीसेट करतं आणि पुन्हा मागतं. कॉपी वाटेत जिथं अडली तिथंच हेड घासत राहिलं तर जे फोटो अजून चांगले आहेत तेही जातील, रात्रभर तर मुळीच नको.

क्रिस्टलडिस्कइन्फो फुकट मिळतं, त्यात करंट पेंडिंग सेक्टर आणि रीॲलोकेटेड सेक्टर या दोन ओळी बघा, शून्याच्या वर असतील आणि वाढत असतील तर निदान झालं. केबल एकदा बदलून बघायला हरकत नाही, कधीकधी नुसती साटा केबल सैल असते, पण टक टक आवाज केबलचा नसतो. विंडोजचं चेकडिस्क चालवू नका, ते दुरुस्तीच्या नावाखाली त्याच डिस्कवर लिहितं.

यानंतरची पद्धत उलटी आहे: चांगलं आधी उचलायचं, वाईटाशी भांडण शेवटी. ग्नू डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर हेच करतं, पहिल्या फेरीत वाचता येईल तेवढं भराभर वाचतं, अडलं की ती जागा सोडून पुढे जातं आणि कुठं काय राहिलं ते मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं, मग दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत त्या सोडलेल्या जागांकडे वळतं. मध्येच बंद केलं तरी मॅप फाइलमुळे तिथूनच सुरू होतं. लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स न बसवता चालतं) चालवायचं, पूर्ण डिस्कची नक्कल नव्या डिस्कवर घ्यायची आणि फोटो त्या नकलेतून काढायचे. नवी डिस्क जुनीपेक्षा लहान नको, आणि तिच्यावर आधीचं काही असेल तर ते पुसलं जाईल. कुठली जुनी कुठली नवी हे एंटर दाबायच्या आधी दोनदा वाचा, उलटं झालं तर कोऱ्या डिस्कची नक्कल तुमच्या फोटोंवर बसेल. टक टक थांबतच नसेल तर यातलं काही न करता डिस्क काढून ठेवा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. तिथं पैसे लागतात, पण निगेटिव्ह अजून घरात असतील तर आधी ते शोधा, पुन्हा स्कॅन करणं त्याहून स्वस्त पडेल.

प्रश्न: स्टुडिओत दोन पीसी आहेत, मध्ये गिगाबिटचा स्विच टाकला, तरी कॉपी ११ एमबीच्या वर जात नाही आणि चालू असताना दुसऱ्या पीसीवरून शेअर फोल्डर उघडायला युगं लागतात. स्विच खराब निघाला का?
— पलासिया

उत्तर: ११ एमबी हा आकडा ऐकला की केबलकडे बघायचं. १०० एमबीपीएसच्या लिंकवर तेवढंच येतं, गिगाबिटवर ११० च्या आसपास यायला हवं. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, चार जोड्या, आणि जुनी वायरिंग करताना बऱ्याच जणांनी दोनच जोड्या क्रिम्प केल्यात, किंवा एखादी तार कनेक्टरात नीट बसलेली नसते, मग दोन्ही बाजू गुपचूप १०० वर समझोता करतात आणि कुठं काही एरर दिसत नाही. विंडोजमध्ये नेटवर्क ॲडॅप्टरच्या स्टेटसमध्ये स्पीड बघा, दोन्ही पीसीवर. जिथं १०० दिसतं तिथली केबल बदला, तयार कॅट-६ ची घ्या, स्विच सध्या परत करू नका.